ट्यूबाचा सूर ओठांशी घडतो

पेणच्या विसर्जन मिरवणुकीत किंवा रोह्याच्या एखाद्या हळदीत ब्रास बँड रंगात आला की लोकांच्या नजरा ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटवर खिळतात. मागे उभा राहून खर्ज सांभाळणारा युफोनियम किंवा ट्यूबावाला सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पण त्याचा सूर डगमगला, की पुढच्यांची सगळी सुरावट लटकी पडते. तासन् तास फुंकर घालणाऱ्या या वादकाच्या हाती बरेचदा जुना, झिजलेला माउथपीस असतो, ही मात्र खरोखर खेदाची गोष्ट आहे.

माउथपीसकडे वळण्याआधी वाद्याची थोडी ओळख. ट्यूबाचं पेटंट १२ सप्टेंबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी घेतलं. चालताना अंगावर वागवता येणारा सूझाफोन १८९३ मध्ये जे. डब्ल्यू. पेपर यांनी तयार केला. भारतातल्या बँडना पितळी वाद्यं पुरवणारं मोठं केंद्र म्हणजे मेरठ. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ पासूनची.

माउथपीसमध्ये पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. ओठ टेकतात ती कड, आतली वाटी, तळाचं छिद्र, त्यापुढे रुंदावत जाणारी नळी आणि वाद्यात बसणारा दांडा. वाटी खोल असेल तर आवाज गडद, भरीव येतो आणि खालचे सूर सहज लागतात. उथळ वाटीत आवाज उजळ होतो, वरचे सूर हाताशी येतात. बाख कंपनीच्या १८ क्रमांकाच्या ट्यूबा माउथपीसच्या वाटीचा व्यास सुमारे ३२.६ मि.मी., २४एडब्ल्यूचा ३१.२५ मि.मी. फरक जेमतेम १.३५ मि.मी.चा, पण ओठांना तो लगेच कळतो. अमेरिकन बँडमास्टर सूझा यांच्या बँडमधले ट्यूबावादक ऑगस्ट हेलेबर्ग यांच्या नावाचा, नरसाळ्यासारख्या खोल वाटीचा माउथपीस आजही वाजवला जातो.

रुंद, सपाट कडेवर दाब पसरतो, त्यामुळे लांब मिरवणुकीत ओठ कमी शिणतात. अरुंद कड चपळ असते, पण टोचते. म्हणून मिरवणुकीतला माउथपीस आणि स्टेजवरचा माउथपीस एकच असायला हवा, असं नाही.

नवा घेण्याआधी दांडा तपासावा. अमेरिकन मापाचा दांडा युरोपीय मापाच्या जाड दांड्यापेक्षा बारीक असतो. तो मोठ्या नळीत घातला की खोल शिरतो, डुलतो, सूर सरकतो. माउथपीस हलकेच बसवून दोन बोटांनी डोलवून पाहावा. खुटखुटला, तर माप चुकलं. अनेक जण तिथे कागद किंवा दोरा गुंडाळतात. त्याने काम भागतं, पण दांड्याचं टोक आणि पुढची नळी यांमधलं अंतर बदलतं, आणि सुराच्या चोखपणावर त्याचा परिणाम होतो. टोक चेपलं असेल तर निमुळत्या लोखंडी दांडीवर हळुवार गोल करून घेता येतं.

छिद्र मोठं करण्याची हौस मात्र जपून करावी. छिद्र वाढलं की हवा मोकळी जाते, आवाजाला फैलाव मिळतो, पण श्वास लवकर संपतो आणि मंद, स्थिर सूर धरणं अवघड होतं. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत असल्याने लेथवाला शोधणं फार कठीण नाही. त्याच्याकडून एका वेळी दशांश मिलिमीटरच वाढवून घ्यावं आणि प्रत्येक टप्प्यावर वाजवून पाहावं. खरवडलेलं पितळ परत भरता येत नाही, म्हणून पहिला प्रयोग जुन्या माउथपीसवरच करावा.

खाडीकाठच्या खारेपाटातल्या दमट, खारट हवेत मुलामा उडालेलं पितळ लवकर काळवंडतं. उघडं पितळ काहींच्या ओठांना चरचरतंही. अशा वेळी चांदीचा मुलामा चढवून घेणं उत्तम. वाजवून झालं की कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने आतली नळी धुवावी.

बदल करायचाच, तर लग्नसराईच्या ऐन गर्दीत करू नये. तुळशीची लग्नं लागण्याआधीच्या मोकळ्या दिवसांत रोज थोडा वेळ नव्या माउथपीसवर लांब सूर धरावेत आणि ओठ सरावले की मगच तो सुपारी घेतलेल्या कार्यक्रमात काढावा.