परिषदेत न आलेला माग

मार्च १९६५मध्ये दिल्लीत ‘व्यवसायाची सामाजिक जबाबदारी’ या विषयावर एक परिसंवाद झाला. पुढाकार जयप्रकाश नारायण यांचा, आणि पाठीशी गांधीजींची विश्वस्तपणाची कल्पना. तिथे निघालेल्या जाहीरनाम्यात उद्योगाची बांधिलकी ग्राहक, कामगार, भागधारक आणि समाज अशा सगळ्यांशी मानली होती. उद्योग लहान असो वा मोठा, यातून कोणाची सुटका नाही, असाही त्याचा रोख होता.

यंत्रमागांच्या मालेगावातून तेव्हापासूनच्या साठ वर्षांकडे पाहिले की ‘लहान असो वा मोठा’ हाच भाग वाटेत गळालेला दिसतो.

१८५७नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मोसम नदीकाठच्या या गावात हातमाग मांडले. १९३०च्या दशकात विजेवरचे माग आले. रंगीत साड्यांसाठी ओळखले जाणारे गाव पुढे कोऱ्या कापडाकडे वळले. आजही सूत देणारा व्यापारी वेगळा, मजुरीवर विणून देणारा मागवाला वेगळा. कापडावर प्रक्रिया होते ती राजस्थानातल्या पाली-बालोतऱ्याला. कामगाराला पैसे विणलेल्या कापडाच्या मापाने मिळतात. शुक्रवारी सुट्टी. वीज गेली की माग थांबतो, आणि त्यासोबत मजुरीही.

दरम्यान उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीवरच्या परिषदांची भाषा बदलत गेली. २०१३च्या कंपनी कायद्यातले १३५वे कलम १ एप्रिल २०१४पासून लागू झाले. ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. यातून शाळा उभ्या राहिल्या, पाण्याची कामे झाली. ते नाकारण्याचे कारण नाही. पण दहा-बारा मागांची शेड या हिशेबात येतच नाही. शिवाय फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च नियमांनुसार या २ टक्क्यांत धरता येत नाही. त्यांचे देणे मुळातच मालकाचे कर्तव्य, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. परिणाम मात्र असा, की १९६५च्या यादीतला कामगार परिषदांच्या चर्चेत मागे पडला.

२०२३मध्ये शेअर बाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’ने आघाडीच्या २५० सूचीबद्ध कंपन्यांकडून पुरवठा साखळीचीही माहिती मागवायचे ठरवले, तेव्हा एक दार किलकिले झाले. पुढे ती माहिती ऐच्छिक झाली, आणि ज्याच्याशी किमान २ टक्के खरेदी-विक्री आहे त्याच्यापुरतीच उरली. चार हातांतून फिरून जाणाऱ्या मालेगावच्या कापडाला त्या दारातून आत जाणे अवघड आहे.

इथल्या गरजा गूढ नाहीत: मजुरीचा छापील दर, मागाच्या खडखडाटात कानाला बोळे, सुताच्या तुसापासून नाकातोंडाला संरक्षण, शेडमध्ये खेळती हवा. पण मागवाल्याला मिळणारा भाव व्यापारी ठरवतो, आणि व्यापाऱ्याला मिळणारा भाव त्याच्याही पुढचा खरेदीदार. म्हणून मागवाल्याला उपदेश करून भागणार नाही. पुढच्या परिषदेत कापड विकत घेणाऱ्या बड्या कंपनीला एवढेच विचारावे: तुम्ही देता त्या भावात विणणाऱ्याची रास्त मजुरी बसते का?