चॅटबॉटला आठवतं तरी कसं?

चॅटबॉटला एकदा नाव सांगितलं की दहा प्रश्नांनंतरही तो नावानं हाक मारतो. त्यामागच्या भाषा मॉडेलच्या मात्र काहीच लक्षात राहिलेलं नसतं. प्रत्येक नव्या प्रश्नासोबत ॲप आधीचा संवाद त्याला पुन्हा वाचायला देतं, इतकंच.

अडचण जागेची. २०२०च्या जीपीटी-३ या भाषा मॉडेलला एका वेळी २०४८ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, एवढाच मजकूर पाहता येई. मराठीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडत, त्यामुळे ही जागा लवकर भरे.

त्यावर ॲप बनवणारे तीन उपाय योजतात. शेवटची काही वाक्यंच ठेवायची. जुन्या संवादाचा मॉडेलकडूनच सारांश करून घ्यायचा. किंवा सगळं साठवून प्रश्नाशी अर्थानं जुळेल तेवढंच शोधून पुढे ठेवायचं. पहिल्यात जुनं हरवतं, दुसऱ्यात बारकावे गळतात, तिसऱ्यात शोध चुकला की उत्तरही चुकतं.

आधीचं बोलणं साठवून पुन्हा वापरायची कल्पना तशी जुनीच. एमआयटीतील जोसेफ वायझेनबाम यांचा १९६६चा ‘एलायझा’ प्रोग्रॅम माणसाची काही वाक्यं बाजूला ठेवी आणि उत्तर सुचेनासं झालं की त्यातलंच एक उकरून काढी.

फेब्रुवारी २०२४मध्ये ओपनएआयनं चॅटजीपीटीत एका संवादातून दुसऱ्यात टिकणाऱ्या स्मृतीची चाचणी सुरू केली. ही स्मृती सेटिंगमध्ये जाऊन पाहता, पुसता आणि बंदही करता येते. आजारपण किंवा पैशांविषयी लिहिण्याआधी वाचकांनी ती एकदा तपासून घ्यावी.