पाठीवर वारा, पुढे सात बेटं

वाऱ्यात तंबू आवरायचा एक क्रम असतो. आधी आतलं सगळं सामान, म्हणजे झोपायची पिशवी, हवेची गादी, कपडे, आपापल्या पिशव्यांत भरायचं आणि त्या पिशव्या तंबूतच ठेवायच्या; त्यांच्या वजनाने तंबू जमिनीला धरून राहतो. मग वारा ज्या बाजूने बाहेर पडतो त्या बाजूच्या खुंट्या उपटायच्या. वाऱ्याच्या तोंडावरच्या खुंट्या सर्वांत शेवटी. काठ्या ओढून काढल्या की कापड जमिनीवर लोळण घेतं, आणि मोकळ्या टोकाकडून खुंट्यांकडे गुंडाळत गेलं की आतली हवा निघून जाते. बाहेरचं कापड दवाने भिजलेलं असतं, म्हणून ते कॅरिअरवर सगळ्यांत वर बांधायचं. दुपारी जेवायला थांबलं की दगडी कुंपणावर पंधरा मिनिटं पसरलं तरी वाळतं. इथे सावली देणारं झाड जवळजवळ नाहीच, आणि वारा कधी कमी पडत नाही.

हे ‘इथे’ म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेची आउटर हेब्रिडीज बेटं. दक्षिणेच्या व्हॅटरसेपासून उत्तरेला ल्युइस बेटाच्या टोकापर्यंत 297 किलोमीटरचा ‘हेब्रिडियन वे’ हा सायकलमार्ग 2016 मध्ये सुरू झाला. दहा बेटं, सहा कॉजवे म्हणजे समुद्रातले दगडी बांध, आणि दोन फेरीबोटी असा त्याचा हिशेब. बहुतेक सायकलस्वार दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, कारण इथला वारा बहुधा नैर्ऋत्येचा असतो. जूनमध्ये सूर्य रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे बॅरा बेटावरून निघून रात्री बर्नरेला तंबू ठोकायचा, असा शंभरेक किलोमीटरचा बेत एका दिवसात बसतो. बॅरा, एरिस्के, साउथ यूइस्ट, बेन्बेक्यूला, ग्रिमसे, नॉर्थ यूइस्ट, बर्नरे. सात बेटं. मुंबईत वाढलेल्या माणसाला हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही.

बॅराहून सकाळची फेरी गाठायची म्हणून लवकर निघालो. जड सामान पिशव्यांच्या तळाला आणि डावं-उजवं वजन सारखं, हे एकदा नीट बसवलं की चढावर सायकल डुलत नाही. फेरीला वेळ होता म्हणून विमानतळाकडे वळून आलो. बॅराचा विमानतळ ही भरती-ओहोटीची पुळण आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर प्रवासी विमानं उतरतात आणि भरतीप्रमाणे वेळापत्रक बदलतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी वर चढलेली असेल तर पुळणीवर उतरायचं नाही. एरवी त्याच वाळूत लोक शिंपल्या गोळा करतात.

फेरी चाळीस मिनिटांची. सायकलला वेगळं तिकीट नाही. ती लोखंडी भिंतीला दोरीने बांधून वर जायचं, इतकंच. एरिस्केला उतरल्या उतरल्या जी पांढरी पुळण दिसते, तिथे 1745 च्या जुलैमध्ये राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्टने स्कॉटलंडच्या भूमीवर पहिलं पाऊल ठेवलं. याच बेटाजवळ 1941 मध्ये ‘एसएस पॉलिटिशियन’ हे व्हिस्कीने भरलेलं जहाज खडकावर चढलं आणि बेटकऱ्यांनी बाटल्या पळवून लपवल्या. त्या घटनेवर कॉम्प्टन मॅकेन्झीने कादंबरी लिहिली. पुळणीनंतर छोटा पण उभा चढ आहे, सगळ्यांत हलक्या गिअरचा. तो संपला की खाली समुद्रातून साउथ यूइस्टकडे जाणारा दगडांचा बांध दिसतो.

या कॉजवेंसाठी मी इथे आलो होतो. एरिस्केचा कॉजवे 2001 चा, लांबी सुमारे दीड किलोमीटर. बॅरा आणि व्हॅटरसे यांमधला त्याहून दहा वर्षं आधीचा. तो होण्यापूर्वी गुरं होडीमागे पोहवत सामुद्रधुनीपार न्यावी लागत. 1986 मध्ये अशा खेपेत एक चांगल्या जातीचा वळू बुडाला, आणि कॉजवेच्या मागणीला जोर आला. मोटारीतून असा बांध दोन मिनिटांत मागे पडतो. सायकलवर मात्र पाणी दोन्ही हातांना असतं, आडवा वारा पुढच्या पिशव्यांना ढकलतो आणि हँडल घट्ट धरून रस्त्याच्या मधोमध राहावं लागतं. पाणमांजरं रस्ता ओलांडतात, अशी पाटी दिसते. एक बेट संपलं आणि दुसरं सुरू झालं, हे दंडांना कळतं.

साउथ यूइस्टचा रस्ता सरळ उत्तरेला जातो. उजवीकडे डोंगर, त्यांत 620 मीटर उंचीचं बेन व्होर. डावीकडे समुद्राला लागून ‘माखर’ नावाचं कुरण. शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने आत येऊन पसरली, तिच्यातल्या चुन्याने आम्लयुक्त पीट (कुजक्या वनस्पतींची) जमीन सौम्य झाली, आणि वर गवत व रानफुलं उगवली. गावकरी त्यावर समुद्रातलं शेवाळ खत म्हणून पसरतात, थोडं ओट आणि राय पिकवतात, बाकी जमीन पडीक ठेवतात. शेती थांबली तर ही फुलंही राहणार नाहीत. त्यामुळे ‘निसर्गाने दिलेलं कुरण’ असं कुणी म्हटलं की मला ते अर्धवट वाटतं. 2006 मध्ये इथल्या रहिवाशांनी साउथ यूइस्टची जमीनदारी एकत्र येऊन विकत घेतली, हेही त्या कुरणाकडे बघताना लक्षात ठेवायला हवं.

रस्ता एका गाडीपुरता, मध्ये मध्ये बाजूला व्हायच्या जागा. मागून गाडी आली की तिथे थांबायचं, चालक हात वर करतो, आपणही करायचा. डॅलिबर्गला ब्रेड, चीज, केळी घेतली. खाण्याची खरेदी दक्षिणेतच उरकलेली बरी. साउथ यूइस्ट बहुतांशी कॅथलिक, नॉर्थ यूइस्ट प्रेस्बिटेरियन, म्हणून उत्तरेत रविवारी बहुतेक दुकानं बंद.

बेन्बेक्यूलाला जोडणाऱ्या कॉजवेवर मी उतरून चालत गेलो. 2005 च्या जानेवारीतल्या वादळात याच भागातलं एक पाच जणांचं कुटुंब घर सोडून निघालं असताना समुद्राने ओढून नेलं. त्यानंतर बांधाखालून पाणी जायला जास्त मोऱ्या हव्यात, ही मागणी गावकऱ्यांनी लावून धरली. बांध घातला की पाण्याची वाट बदलते, आणि ते पाणी नेमकं कुणाच्या दारात चढतं हे तिथे राहणाऱ्यालाच आधी कळतं.

बेन्बेक्यूला सपाट, लवकर संपतं. पुढे नॉर्थ फोर्ड. इथला कॉजवे ग्रिमसेला टेकून नॉर्थ यूइस्टला जातो. 1960 मध्ये राजमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते तो खुला झाला. त्याआधी लोक ओहोटीची वेळ साधून वाळूतून पायी, घोड्यावर किंवा गाडीने पार होत. मी पोहोचलो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं आणि ती वाळू मैलभर उघडी पडली होती, मध्ये ओहळांचे चमकते पट्टे. कुठल्या पट्ट्यात गुडघाभर पाणी आणि कुठे गळ्यापर्यंत, हे बघून सांगता येईना. मुंबईच्या माहीमचा कॉजवे 1845 चा. तिथे बांधांमागोमाग भराव आला, आणि आता सात बेटं फक्त जुन्या नकाशात सापडतात. इथे दगडांची एक ओळ टाकून माणसं थांबली. बेटं बेटंच राहिली, आणि शाळा-दवाखान्यासाठी ओहोटीची वाट बघणं संपलं. मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो.

नॉर्थ यूइस्टवर जमीन कमी आणि तळी जास्त असं वाटत राहतं. पीट कापून वाळत घातलेल्या विटांचे ढीग रस्त्याकडेला दिसतात. लॉखमॅडीला फेरीच्या प्रतीक्षागृहात बाटल्या भरून घेतल्या, आणि संध्याकाळी 1999 चा कॉजवे ओलांडून बर्नरेला आलो.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या जागेत तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना आहे. घरांपासून आणि पिकापासून दूर, थोडकी माणसं, दोन-तीन रात्रींहून जास्त एका जागी नाही. तरीही शेजारच्या कुंपणाशी काम करणाऱ्या आजोबांना विचारलं. “तुम्ही तिथे नका लावू, तिथे टिटव्यांची पिल्लं आहेत. त्या उंचवट्याच्या अलीकडे लावा, आणि फाटक लावून घ्या,” ते म्हणाले. कायद्यात टिटव्यांची जागा लिहिलेली नसते. ती अशा माणसाला विचारावी लागते.

वाळूत आखूड खुंटी धरत नाही. लांब, रुंद पात्याच्या खुंट्या तिरक्या ठोकायच्या, वाऱ्याच्या तोंडावरच्या आधी. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. भात-डाळ शिजेपर्यंत सायकल उलटी करून साखळीतली वाळू जुन्या ब्रशने काढली, फडक्याने पुसली आणि थेंब थेंब तेल सोडलं. खारी हवा साखळीला एका रात्रीत गंज आणते, आणि हॅरिसला जाणारी फेरी सकाळी आहे.