मधुमेहाच्या घरी दोन ओळींचा संदेश

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे फिरावयास येणाऱ्यांना कारण विचारावे, तर पुष्कळांचे उत्तर एकच येते: “डॉक्टरांनी सांगितले म्हणून.” मधुमेह हा आता केवळ सुखवस्तू माणसांचा विकार राहिलेला नाही, तो शेतकऱ्याच्या व विडी-कामगाराच्या घरातही शिरला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्या अंदाजानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना तो जडलेला आहे.

या विकाराची खरी अडचण अशी की, आरंभी तो दुखत नाही. दवाखान्यात ऐकलेला उपदेश घरी पोहोचेपर्यंत निम्मा विसरतो आणि कुंद्याची बशी पुढे आली की उरलेलाही जातो. डॉक्टर वर्षातून दोन-चार वेळा भेटतात. भात आणि चहा मात्र रोज समोर असतात. ही मधली पोकळी कशाने भरावी?

चेन्नईचे डॉ. अंबाडी रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी याचे एक उत्तर शोधले. ज्यांच्या रक्तातील साखर वाढू लागली होती, परंतु ज्यांना अद्याप मधुमेह झाला नव्हता, असे ५३७ नोकरदार पुरुष त्यांनी निवडले. आहार व व्यायाम यांविषयी प्रारंभी सर्वांना सारखाच सल्ला दिला. पुढे दोन वर्षे त्यांपैकी निम्म्यांना मोबाइलवर नियमाने छोटे संदेश पाठविले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: संदेश न मिळालेल्यांपैकी शेकडा २७ जणांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्यांपैकी शेकडा १८ जणांना. उपदेश तोच होता. फरक पडला तो वारंवार होणाऱ्या आठवणीने. केंद्र सरकारनेही २०१६ साली ‘एम-डायबिटीस’ ही योजना काढली. तीत मिस्ड कॉल दिल्यावर मोबाइलवर आरोग्यविषयक संदेश येऊ लागत.

मात्र संदेश म्हणजे औषध नव्हे. आपल्या सीमाभागात तर आणखी एक प्रश्न आहे. संदेश इंग्रजीत आला आणि आजीला केवळ मराठी येत असेल, किंवा तिला अक्षरओळखच नसेल, तर त्याचा उपयोग काय? तेथे नातवाने तो मोठ्याने वाचून दाखवावा. शिवाय, कोठून तरी पुढे ढकललेला “अमुक रस घ्या, इन्सुलिन सोडा” असा मजकूर आला, तर त्यावर मुळीच विश्वास ठेवू नये. डॉक्टरांना न विचारता औषध बंद केल्याने जिवावर बेतू शकते.

वाचकहो, यासाठी सरकारी योजनेची वाट पाहावयास नको. पुण्यास किंवा गोव्यास नोकरी करणाऱ्या मुलाने रोज सायंकाळी एवढेच लिहावे: “आई, गोळी घेतलीस का? तळपायाला जखम नाही ना? बाबांची तंबाखू सुटली का?” लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. आईला मात्र कळते की, आपली गोळी चुकली तर विचारणारे कोणीतरी आहे.