टाकीची गळती आतूनच थांबते

जमिनीखालची टाकी गळते हे सोसायटीला बहुधा पाण्याचे बिल वाढल्यावर कळते. पण वाया गेलेले पाणी हा त्यातला लहान तोटा. टाकीतली पातळी उतरली की त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत शिरते, आणि शेजारून ड्रेनेजची वाहिनी जात असेल तर गळती हा थेट आजाराचा प्रश्न होतो.

काँक्रीटमधली अल्कली सळयांना गंजापासून जपते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे मुरत गेला की हे संरक्षण संपते. सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटू लागतात. जास्त झीज अनेकदा छताच्या स्लॅबला खालून होते. पाणी तिथवर पोचत नाही, पण ओल, हवा आणि पाण्यातून सुटणारा क्लोरीन तिथे एकत्र येतात. टाकी धुणाऱ्यांचे लक्ष मात्र तळाकडे असते.

बाहेरून गिलावा करणे स्वस्त पडते, टिकत नाही. पाण्याचा दाब आतून त्या थराला ढकलतो आणि सळया भिजतच राहतात. अस्तर पाण्याच्या बाजूलाच हवे. त्याआधी सैल काँक्रीट फोडून काढायचे, सळया घासून गंजरोधक लेप द्यायचा, पॉलिमर मॉर्टरने खड्डे भरायचे, भेगांत ग्राउटिंग करायचे. खरी मेहनत इथेच आहे. मग सिमेंट-पॉलिमरचा किंवा पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित इपॉक्सीचा लेप. भिंती फारच भेगाळल्या असतील तर आतून जाड प्लॅस्टिकची अखंड चादर. नुसत्या पांढऱ्या टाइल्स लावल्याने भेगा फक्त झाकल्या जातात.

जुने ते पाडायलाच हवे असेही नाही. मुंबईत हँगिंग गार्डनखाली सुमारे पावणेपंधरा कोटी लिटर क्षमतेचा ब्रिटिशकालीन जलाशय आहे. महापालिकेने तो नव्याने बांधायचे ठरवले, तेव्हा झाडे जातील म्हणून 2023 मध्ये नागरिकांनी विरोध केला. तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिच्यातल्या आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांनी दुरुस्ती पुरेशी असल्याचे मत दिले.

बंद टाकीत प्राणवायू कमी पडू शकतो, लेपाची वाफ साचते. हवा खेळती ठेवणारा पंखा आणि वर पहारा देणारा माणूस असल्याशिवाय कामगाराला आत उतरवू नये. कंत्राटदाराकडून लेपाचे प्रमाणपत्र मागून घ्या, लेप पुरता वाळू द्या, आणि टाकी धुऊन भरल्यावर पाण्याची जंतूंसाठी तपासणी झाल्याशिवाय ते नळाला सोडू नका.