दगड सर्वांचा, लोखंड कोणाचे?

सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या काळ्या मातीतून वाहत पुढे तापीला मिळते. तिच्या एका वळणावर, चांदूर बाजार तालुक्यातील फुपगाव येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८-१९ मध्ये उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सातव्या ते चौथ्या शतकांतील वसाहत तेथे उजेडात आली. गोलाकार घरांच्या खांबांचे खळगे, घरातली चूल, रंगीत दगडांचे मणी आणि लोखंडाच्या व तांब्याच्या वस्तू सापडल्या. वऱ्हाडात लोखंड नांदत होते, याचा हा पुरावा. परंतु हत्यार बदलले की माणसामाणसांतील नातेही बदलते. ते कसे, हे समजण्यासाठी फार मागे जावे लागते.

चिंपांझींच्या टोळीत बलवान नराचा वरचष्मा असतो. मानवाने मात्र नेम धरून जोराने फेकण्याची कला साधली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यासाठी लागणारी खांद्याची घडण सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी सिद्ध झाली होती. जर्मनीतील शोनिंगेन येथे मिळालेले लाकडी भाले किमान दोन लाख वर्षांपूर्वीचे आहेत. मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बोम यांच्या १९९९ मधील ग्रंथाचे प्रतिपादन असे, की दुर्बलांची एकजूट दांडग्याला आवर घालू लागली, आणि हाती हत्यार असल्याने ते अधिक सोपे झाले. दगड आणि काठी यांना मोल पडत नव्हते. ती सर्वांच्याच हाती होती. म्हणून पुढाऱ्याला धाक दाखवण्यापेक्षा मन वळवणे भाग पडले.

कालाहारीतील सान शिकाऱ्यांची रीत याच दिशेने बोट दाखवते. तेथे शिकारीच्या मांसाची वाटणी करण्याचा मान बाण मारणाऱ्याला नव्हे, तर ज्याच्या मालकीचा बाण त्याला मिळतो. बाण एकमेकांना दिले-घेतले जात असल्याने हा मान कुणा एकाकडे साचत नाही.

पण ही समता टोळीच्या कुंपणाआतली होती. केनियातील नाटारुक येथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या सत्तावीस माणसांचे अवशेष मिळाले. त्यांतील अनेकांच्या हाडांवर हिंसक घावांच्या खुणा आहेत. टोळीतल्या दांडग्याला आवरणारे हत्यार परक्यांवरही तितक्याच सहजपणे चालत होते.

लोखंडाने हिशेबच बदलला. खनिज, कोळसा, भट्टी आणि कुशल कारागीर एवढे भांडवल जमल्याशिवाय कट्यार घडत नाही. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननात मिळाली. नागपूरजवळच्या माहुरझरी येथील शिलावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या वर्तुळाकार थडग्यांत, कट्यारी व कुऱ्हाडी मृतांसोबत पुरलेल्या आढळल्या. काही ठिकाणी तांब्याच्या अलंकारांसह घोडाही पुरलेला होता. मात्र सर्व थडग्यांत हे वैभव सारखे नाही. नदीतला दगड कुणालाही उचलता येत होता. घोडा आणि लोखंडी शस्त्र ज्याला परवडेल त्याचेच झाले. समतेला टेकू देणारे साधन आता प्रतिष्ठेची खूण बनले.

माहुरझरीचे हे उत्खनन १९७० ते १९७२ या काळात डॉ. शां. भा. देव यांनी केले. याच देवांनी त्यापूर्वी, १९५६ मध्ये, जैन श्रमणसंघाच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. ज्या साधूंनी शस्त्राचा संपूर्ण त्याग केला त्यांचा अभ्यास आणि ज्यांनी ते मृत्यूनंतरही सोबत ठेवले त्यांचाही अभ्यास एकाच विद्वानाच्या हातून घडला.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. माणसाला दांडग्यापासून वाचवले ते केवळ धारेने नव्हे. त्यामागे दुर्बलांची एकजूट होती आणि मिळालेले वाटून घेण्याची शिस्त होती. शस्त्र मूठभरांचे झाले तेव्हा ती शिस्त सैलावली. फुपगावच्या मातीत लोखंडाच्या जोडीने चूलही सापडली आहे. त्या वसाहतीतली माणसे कशाच्या बळावर एकत्र राहिली असतील, याचा विचार करताना त्या चुलीचाही विसर पडू नये.