खांद्याचा स्नायुबंध आणि मूलपेशी

हात वर उचलताना खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवायचे काम चार स्नायूंचे स्नायुबंध करतात. त्यांतला सर्वांत वरचा सर्वाधिक वेळा फाटतो, विशेषतः साठीनंतर. टाके घालून तो हाडाला पुन्हा जोडता येतो. पण खरी अडचण त्यानंतरची. मूळ जोडणीत मऊ तंतूंपासून कडक हाडापर्यंत कूर्चेचे थर क्रमाक्रमाने बदलत जातात. शस्त्रक्रियेनंतर तिथे नुसता व्रणासारखा चिवट तंतू भरतो, आणि तो पुन्हा सुटू शकतो.

इथेच मूलपेशींची, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींची, आशा आहे. फ्रान्समधले शल्यविशारद फिलिप अर्निगू यांनी कमरेच्या हाडातला मगज काढून, त्यातल्या मूलपेशींसह पेशी एकवटून टाक्यांच्या जागी टोचल्या. 2014 साली त्यांनी निष्कर्ष मांडले: सहा महिन्यांत पेशी टोचलेल्या गटातले 45 पैकी 45 खांदे जुळले, नुसते टाके घातलेल्यांत 30. दहा वर्षांनी जोड टिकल्याचे प्रमाण 87 टक्के विरुद्ध 44 टक्के.

आकडे भुरळ घालणारे आहेत, पण रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. शिवाय मगजात मूलपेशी अत्यल्प असतात. त्या स्वतः स्नायुबंध बनत नाहीत, बहुधा रासायनिक संदेश सोडून शेजारच्या पेशींना कामाला लावतात.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारखे मोजके अपवाद सोडले तर मूलपेशींचा वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ‘शस्त्रक्रियेविना खांदा नवा’ म्हणत हजारोंचे बिल पुढे करणाऱ्याला आधी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारावा.